एक माणूस जास्त

हॅलो? आस्थापना शाखा, बोला… ताई, तू? अगं, ऑफिसच्या नंबरवर कशाला केलास… मोबाइल बंद करून ड्रॉवरमध्ये टाकलाय मी. चारला यादी वर जायची आहे आणि आत्ता वाजलेत… सव्वातीन. बोल, पण भरभर बोल.

हो, तीच यादी. तुला कोणी सांगितलं? … भावोजींनी नाही ना, मग… शेजारच्या हवालदारीणबाईंनी. त्यांना माझ्याआधी कळतं सगळं.

अगं ऐक ना. घाबरण्यासारखं काही नाही. दोन रकाने आहेत. एक 'रस्त्यावर', एक 'कार्यालयात'. मुख्यालयातल्या प्रत्येक पोलिसाचं नाव दोहोंपैकी एका रकान्यात. रस्त्यावरच्या रकान्यात आलं, की सोमवारपासून पूर्ण पाळी बाहेर. कार्यालयात आलं, की कार्यालयातच. बस. … हो, ऐकायला सोपं आहे. मलाही सकाळी सोपंच वाटलं होतं.

अगं, तक्रारी लिहून घेते ती आमची बाई घे. खुर्चीवर बसते म्हणून कार्यालयात. पण पिऊन आलेला माणूस पहिली शिवी कोणाला देतो? तिलाच. मग ती बाहेर की आत? … कंट्रोल रूमवाले दिवसभर कानाला फोन लावून बसलेत, पण ते नसतील तर एक गाडी हलायची नाही. … आणि श्वान पथकाने काय लिहून पाठवलंय माहितीये? कुत्रा रस्त्यावर आणि त्याला धरणारा कार्यालयात. … हो ना, दोरी किती लांब लागेल. साहेबांना विचारलं तर म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा.

भावोजींचं? … अगं, ते रेकॉर्डच्या खोलीत. त्यांचं नाव कार्यालयातच आहे, मी माझ्या हाताने लिहिलंय, पहिल्या पानावर. … हो. … हो ताई, शब्द देते. … पायात सळई घातलेल्या माणसाला कोण चौकात उभं करेल? … वाहतुकीत असताना त्या टेम्पोने उडवलं, त्याला तीन वर्षं झाली, माहितीये मला. हॉस्पिटलात तुझ्याशेजारी बाकड्यावर मीच होते ना. … नाही, परत तसा फोन नाही यायचा तुला. रडू नकोस.

माझंच रडगाणं वेगळं आहे. मुख्यालयात माणसं दोनशे बारा, आणि दोन्ही रकान्यांची बेरीज येतेय दोनशे तेरा. सकाळपासून तीनदा केली. … नाही गं, कुत्रा मोजलेला नाही. मलाही आधी तोच संशय आला होता. … एक माणूस जास्त आहे. साहेब म्हणाले, शोधा आणि खोडा.

हं, बोल, ऐकतेय मी. एकीकडे शाखांच्या चिठ्ठ्या चाळते. … मान काळी पडलीय? भावोजींची? … फक्त मान आणि कपाळ… औषधाने नसेल अगं, औषधाने माणूस सगळीकडून काळा पडेल. उन्हाने असेल. … ते बरोबर, रेकॉर्डच्या खोलीत कुठलं ऊन. तिथे दिवसा दिवा लावावा लागतो. … चालत जातात का? … अच्छा, पिल्लूला शाळेत सोडून. … साडेसातला निघतात? आणि तिथून थेट ऑफिसला? … जुन्या फायली लावायला, लवकर. … रोज? … दोन वर्षं?

थांब जरा. ताई, रेकॉर्डची खोली दहाला उघडते. … नाही, किल्ली त्यांच्याकडे नसते. माझ्याकडे असते, इथे, ड्रॉवरमध्ये. दहाला येऊन माझ्याच हातून घेतात. … मला काय माहीत मधले अडीच तास कुठे असतात? मला वाटायचं घरूनच येतात. … अगं, भलतंसलतं मनात आणू नकोस. भावोजी आहेत ते. … मलाही काही कळत नाहीये. थांब, धर फोन.

… हॅलो? आहेस? … वाहतूक शाखेच्या चिठ्ठीतला नुसता आकडा घेतला होता, नावं वाचायची राहिली होती. शेवटचं नाव आहे ते… ताई, भावोजींचा बक्कल नंबर काय गं? पाठ असेल तुला. … परत सांग, हळू. … हो. तोच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. सापडला माझा दोनशे तेरावा. भावोजी दोनदा आहेत. … एकदा कार्यालयात, एकदा रस्त्यावर. … वाचते ना, वाचते. 'शाळेसमोरचा चौक. पावणेआठ ते सव्वानऊ. मुलांना रस्ता ओलांडून देतात. स्वखुशीने.' खाली इन्स्पेक्टरची सही. … कोणी नेमलं नाहीये, तेच तर लिहिलंय. आपणहून उभे राहतात. … हो, आपल्या पिल्लूच्याच शाळेसमोर. … म्हणजे तिला माहीत असणारच. तिच्या डोळ्यांदेखत उभे राहतात ना. … दोन वर्षं एक शब्द बोलली नाही पोरगी. तुझ्यावर गेली नाहीये, एवढं नक्की.

… बरं, चीड. चीड तू. पण मी काय करू ते सांग. एक नाव खोडायचंय. रस्त्यावरचं खोडलं, तर सोमवारपासून तिथे उभं राहायचं नाही. रस्त्याच्या रकान्यात नसलेला माणूस वर्दी घालून चौकात दिसता कामा नये, असा हुकूम आहे. कार्यालयातलं खोडलं, तर आठ तास उन्हात, त्या पायावर. … धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. … तू मघाशी शब्द घेतलास माझ्याकडून, कार्यालयातच ठेव म्हणून. मग रस्त्यावरचं खोडू? … ताई? … पेन्सिल हातात आहे माझ्या. खोडू?

काय विचारतेयस? … टोपी? … टोपीचं काही लिहिलेलं नाही इथे. … वाहतुकीची पांढरी टोपी ज्याची त्याच्याकडेच असते. भावोजींची असेल कुठेतरी… तू? … माळ्यावर, ट्रंकेत. कुलूप लावून. … परत रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून. … आणि त्यांनी मागितली नाही कधी. बोडक्या डोक्यानेच उभे राहतात. … तरीच मान.

… वाईट वाटणारच गं. मला तर लाज वाटतेय. रोज किल्ली घ्यायला येतात, घामाघूम, आणि मी चेष्टा करते, भावोजी, खुर्चीवर बसायला एवढा घाम? … हसतात नुसते.

हॅलो? … कसला आवाज येतोय? … स्टूल? आत्ता कशाला चढतेयस… पडशील ताई, कोणीतरी येऊ दे घरी… अगं, फोन तरी… ठेवला तसाच.

… हो साहेब, या ना. … झाली यादी. सापडला तो. … नाही साहेब, कुत्रा नाही. … माणूस एकच आहे, पण दोन ठिकाणी आहे. … कागदावर नाही, खरोखरच आहे. दोन्हीकडे सह्या आहेत. … नाही खोडलं. … कळतंय मला, बेरीज जुळत नाही. पण माणूस दोन्हीकडे कामाला येतो, मग खोडायचं काय? … दोनशे तेराच जाऊ देत. वरून विचारलं तर माझं नाव सांगा. … हो, लेखी देते.

… हं ताई, बोल. … सापडली? … पिवळी पडणारच, तीन वर्षं झाली. ओल्या फडक्याने पूस. … नाही, नाव नाही खोडलं. कुठलंच नाही. … माझं काय व्हायचं ते होईल. … आता तू भावोजींना आज काही विचारू नकोस. पिल्लूलाही नको. … सकाळी डब्याच्या पिशवीत ठेव. डब्यावर. … हो, शिट्टी असेल तर तीही. … बोलायचं कशाला, दिसली की कळेल त्यांना. … ठेवते आता. चार वाजायला आले.