विहिरीतून वर येणारी मुलं

संगमनेर स्टँडवर अकोले गाडीची वाट बघत होतो. मागं दोघी बहिणी बोलत होत्या.

“ताई, एवढं काय घाबरायचं? लहानपणी तुझं लाडकं पुस्तक हुतं ते.”

“म्हणूनच माझ्या ईश्वरीसाठी शोधलं. आधी मीच वाचून काढलं. पूजा, ती मुलं विहिरीतनं परत येतच न्हाईत.”

“असं कसं? त्यांची आई ‘भाकरी झाली रे’ म्हणून हाक मारते, मग दोघं पायऱ्या चढून वर येतात.”

“पुस्तकात तसं न्हाईच. खाली दिव्यांचं राज्य हाय, तिथंच ती राहतात, कायमची. भाकरीचं आपल्या आईनं पदरचं घातलं. रोज तीच वाचून दाखवायची ना.”

“आपल्या वस्तीवर विहीर, म्हणून व्हय?”

“मग कशाला? मी पुस्तक माळ्यावर टाकलं. ईश्वरी काल सुट्टीला वस्तीवर आईकडं गेली, आज बघते तर पुस्तक जाग्यावर न्हाई.”

“आईला सांग, शेवट तूच वाच म्हणावं.”

“तिला आता बारीक अक्षर कुठं दिसतंय? आत्ता फोनवर म्हणाली, सकाळी पोरीनंच मला सगळं वाचून दाखवलं.”

“शेवटपण?”

“शेवटपण. आई म्हणाली, अगं, मुलं वर येतात. तर ही म्हणते, आजी, तू खोटं सांगत हुतीस.”

“मग आता कुठंय ती?”

“तेच विचारलं. आई फोन तसाच ठेवून अंगणात गेली. ऐक, अजून चालूच हाय.”

तिनं मोबाईल बहिणीच्या कानाला लावला. मलाही ऐकू आलं.

“ईश्वरी, भाकरी झाली गं! ईश्वरी!”