मिसेसना भेटायचंय

नाही नाही सिस्टर, बेल नका वाजवू! बेल वाजली की ते काठी घेतात. बसा इथेच पायरीवर, ही भाजीची पिशवी सरकवते. अहो, किल्ली आहे की माझ्याकडे, पण आतून कडी घातलीय ना! जन्मभर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते आमचे हे — विचारल्याशिवाय मुंगीला आत सोडलं नाही कधी — आणि आता घराच्या दारातही तेच. कोण? कुणाकडे? काम काय? पहिल्यांदा मी म्हटलं, अहो, मी तुमची बायको! झालं, बिथरलेच. हा हात? हा... दारात सापडला.

तुमच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं मला. मेंदूतही पहारेकरी असतात म्हणे, केरकचरा उचलणारे. कचरा साठत गेला की तेच पिसाळतात, मेंदूला सूज धरते, आणि मग घरच्यांनाच झोडपत सुटतात. सगळं अजून कळलेलं नाही, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, गुडघा सुजला तर शेकीन, लेप लावीन — इथे हात कुठे घालू? आणि त्या पहारेकऱ्याला कोण सांगणार, की बाबा रे, ही घरचीच आहे?

मग मीच युक्ती काढली. दारात उभी राहते आणि म्हणते, तुमच्या मिसेसना भेटायचंय. लगेच कडी निघते! बसा म्हणतात, येईलच ती. पाणी देतात. आणि तिचं कौतुक काय सांगतात, सिस्टर — तिच्यासारखी बाई नाही, तिच्यामुळे घर उभं राहिलं — मला मेलीला एकदा तरी म्हणाले का कधी? मग आम्ही दोघं बसतो तिची वाट बघत. हसू नका. तेवढ्यासाठी मी कोथिंबीर असली तरी कोथिंबीर आणायला जाते.

आज? आजही तेच म्हटलं. तर फटीतून काठी आली — हो, काठीच लागली हाताला, दार नाही — आणि म्हणाले, आता नाही भेटायचं. ती आलीय. दमून झोपलीय, आवाज करू नका. आणि लावून घेतलं दार.

नको, दार फोडायला माणसं नकोत. वॉर्डात नेतील, बांधून ठेवतील त्यांना. थांबा... ऐकलंत? तिच्याशी बोलतायत. किती हळू. माझंच नाव घेतायत हो, लग्नातलं, जे कुणी घेत नाही आता. मला भीती वाटते, सिस्टर.

तुम्ही निघा. निघा म्हणते ना! ती बाहेर आली की जाईन मी आत.