गावात सगळ्यात कमी पाणी वापरणारं घर

पाणी वाचवण्यात मी गावात पहिला आलो होतो, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. आमच्या किन्हवलीच्या बाजूला उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी येतं. ते कोण किती वापरतं याचा अभ्यास करायला मुंबईहून एक मुलगी आली. संशोधन करत होती. तिने प्रत्येक नळावर मीटर लावला, आणि महिन्यातून एकदा येऊन आकडे बघून जायची. वर्षभराने तिने देवळात गावाची बैठक घेतली.

"सगळीकडे वापर तेवढाच आहे," ती म्हणाली, "फक्त या काकांच्या घरी निम्म्यावर आलाय. काका, कसं जमवलंत ते सगळ्यांना सांगा."

मी टोपी काढून झटकू लागलो. बाकीचे खाली बघू लागले. तिला वाटलं, मी लाजतोय.

"सांगा ना. भांड्यांचं पाणी झाडांना घालता का? तुमची पद्धत सगळ्यांनी घेतली तर पुढच्या उन्हाळ्यात टँकर लागायचा नाही."

शेजारच्या शेवंतामावशींना राहवलं नाही. "अगो पोरी, गप ऱ्हा जरा. बायको गेली त्याची दिवाळीत. घरात एकटाच हाय तो."

मुलीचा चेहरा पडला. "सॉरी काका. मी नुसते आकडेच बघत होते."

अगदी रडायला आली होती. वर्षभर उन्हातान्हात हिंडलेली पोर. मीच तिला म्हटलं, "मीटर बरोबर आहे तुमचा, ताई. फक्त हा उपाय गावाला सांगू नका."