मोकळं होडकं

कुशाबाई : हात नको लावूस त्याला!

हर्षाली : आत्या, सोडा मला. उलटं करू द्या.

कुशाबाई : आधी खाली वाकून बघ काय हाय ते. मला न्हाई बघवायचं.

हर्षाली : काही नाय खाली. चिखल आहे नुसता.

कुशाबाई : नीट बघितलंस?

हर्षाली : बघितलं, आत्या. कोणी नाय. धरा त्या बाजूनं.

(आंबेगाव तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याचा काठ. दिवाळी होऊन गेलीय, पाणी काठोकाठ आहे. दुपारपासून वारं सुटलंय. गोरख सकाळी पावण्यांना पलीकडं सोडायला लाँच घेऊन गेला. लाँचमागं बांधलेलं छोटं होडकं तेवढं आता पालथं होऊन काठाला लागलंय. त्याची बायको हर्षाली आणि आई कुशाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या आहेत.)

कुशाबाई : लाँच कुटं हाय मग? मोकळं होडकं आलं, आन् माणूस कुटं हाय?

हर्षाली : ओरडू नका. हे बघा, दोराचं टोक बघा. हे तुटलेलं नाय.

कुशाबाई : मला काय कळतंय त्यातलं!

हर्षाली : तुटला असता तर धागे पिंजारले असते. हा सरळ कापलाय, सुरीनं. म्हंजे ह्यांनी स्वतःच्या हातानं कापला. कापला तेव्हा हे लाँचवर उभे होते.

कुशाबाई : आपलंच होडकं कोण कापून टाकतं?

हर्षाली : पंख्यात दोर गेला तर कापावाच लागतो. मागनं ओढत आणलेलं होडकं लाटेवर पुढं पळतं, दोर ढिला पडतो, आणि ढिला दोर लाँचच्या पंख्यात जाऊन बसतो. इंजिन जागेवर बंद. मी हेच सांगत होते सकाळी.

कुशाबाई : रामदासाला हाक मार. त्याची नाव हाय ना.

हर्षाली : रामदासभाऊ मासळी घेऊन मंचरला गेलेत. नाव कुलूप लावून ठेवलीय.

कुशाबाई : फोन लाव की मग!

हर्षाली : लावला. लागत नाय. त्या बाजूला रेंजच नाय, तुम्हाला माहितीये. आणि रस्त्यानं वळसा घालून कोण जाईस्तोवर अंधार पडेल. आत्या, मी घरनं आणलेलं ते पातेलं द्या इकडं. उपसायला लागेल.

कुशाबाई : काय करतीयेस तू?

हर्षाली : वल्ही आहेत जागेवर. ट्यूबच्या पट्टीनं बांधून ठेवते ना मी बाकाखाली, म्हणून ऱ्हायली. मी जाते.

कुशाबाई : ह्या वाऱ्यात? ह्या टोपलीत बसून?

हर्षाली : मधनं नाय जाणार. काठाकाठानं जाईन. झाडीच्या आडोशाला लाट कमी असते.

कुशाबाई : आन् तू बी न्हाई आलीस म्हंजे? आरोहीला कुणी बघायचं? शाळेतनं येईल आता ती.

हर्षाली : शेजारी द्रौपदामावशीकडं जाईल. मावशीला सांगून आलेय.

कुशाबाई : म्हंजे तू आधीच ठरवलं व्हतंस.

हर्षाली : होडकं लांबनं दिसलं तेव्हाच.

कुशाबाई : हर्षाली, माझं ऐक. एक गेला तर गेला, दोन न्हाई घालवायची मला.

हर्षाली : असं बोलू नका! गेले नाय ते. सोडा माझा हात.

कुशाबाई : मग मी बी येते.

हर्षाली : तुमी? तुमी तर लाँचवर बी कधी चढला नाय.

कुशाबाई : तू वल्ही मारशील का पाणी उपसशील? दोन हात हायेत तुला. दे ते तरंगायचं जॅकेट.

हर्षाली : हे असं डोक्यातनं घाला. पट्टा घट्ट ओढा. आता मधोमध बसा. आणि काहीबी झालं तरी उभं ऱ्हायचं नाय.

कुशाबाई : आई गं! हालतंय किती हे!

हर्षाली : हालणारच. बसून ऱ्हा.

कुशाबाई : पाणी येतंय आत.

हर्षाली : टाका बाहेर. थांबू नका.

कुशाबाई : सकाळी काय झालं तुमच्यात? तू धक्क्यावरनंच परत आलीस. रोज तूच असतीस ना लाँचवर?

हर्षाली : आत्ता नको, आत्या.

कुशाबाई : मग कवा? मला भ्या वाटतंय. बोल काहीतरी.

हर्षाली : ते पुण्याचे पावणे होते ना, चौघं. त्यांना टपावर बसून फोटो काढायचे होते. टपावर तर हे होडकं असतं, पालथं घालून बांधलेलं. मी म्हटलं, होडकं हलणार नाय. दुपारी वारं उठतं ह्या दिवसांत, मागं बांधून नेलं तर दगा देईल.

कुशाबाई : बराबर हाय की.

हर्षाली : त्यातला एक म्हणाला, इथं कॅप्टन कोण आहे? मॅडम का? सगळे हसले. हे बी हसले. म्हणाले, घरात ती, पाण्यावर मी. आणि मला म्हणाले, होडकं काय, येईल मागनं वासरावानी.

कुशाबाई : त्यो बी हसला?

हर्षाली : तीन वरसं झाली, स्टेअरिंग माझ्या हातात असतं आत्या. ह्यांना इंजिन कळतं, पण धक्क्याला लाँच मीच लावते. मला वाटलं, एवढं तरी सांगतील. नाय सांगितलं. मी उतरले आणि घरी आले.

कुशाबाई : मग त्यानं परत येताना घ्यायचं व्हतं की टपावर. पावणं तर उतरली व्हती.

हर्षाली : एकट्यानं होडकं टपावर चढत नाय. एकानं टपावर राहून ओढायचं, दुसऱ्यानं खालनं खांदा द्यायचा. आज खांदा द्यायला कोण होतं? मीच नव्हते.

कुशाबाई : तुझी काय चूक त्यात!

हर्षाली : चूक कुणाची ते नंतर बघू. पाणी टाका, घोट्यापर्यंत आलंय.

कुशाबाई : ह्याच्या खाली कुटं तरी आपलं जुनं गाव हाय, न्हाई का?

हर्षाली : असेल. तुम्हाला कळत असेल ना, कुठं काय होतं ते.

कुशाबाई : न्हाई कळत. मला वाटलं व्हतं कळंल. समदं सारखंच दिसतंय, नुसतं पाणी... हर्षाली! ते बघ! त्या डोंगराच्या सोंडेच्या पल्याड पांढरं काय हाय?

हर्षाली : लाँच आहे. आपलीच आहे.

कुशाबाई : गोरखा! ए गोरखा!

हर्षाली : वाऱ्यानं आवाज नाय जायचा. नांगर टाकलाय बघा, एका जागी उभी आहे. वाहून नाय गेली.

कुशाबाई : पर माणूस कुटं दिसतोय? वर कुणीच न्हाई.

हर्षाली : आत असतील. केबिनमध्ये.

कुशाबाई : आत कशाला बसंल त्यो? आईची हाक ऐकू येत न्हाई व्हय! गोरखा!

हर्षाली : गप्प बसा जरा. ऐका.

कुशाबाई : काय?

हर्षाली : ऐका ना.

गोरख : ...हिकडं...

कुशाबाई : त्यो हाय! त्योच हाय! कुटनं बोलला?

हर्षाली : लाँचच्या मागनं. पाण्यातनं आला आवाज. अहो! आले मी! आले!

गोरख : हिकडं... टायर...

हर्षाली : दिसले. बाजूला टायर लटकावलाय ना, त्यात हात घालून लोंबकळतायत. आत्या, खाली बसा!

कुशाबाई : त्याचं त्वांड बघ, काळंनिळं पडलंय. हात दे रं बाळा, हात दे!

हर्षाली : आत्या, खाली बसा म्हणते ना! तुमी वाकलात तर तिघं बी पाण्यात जाऊ!

कुशाबाई : बसले. बसले बाई.

हर्षाली : पुढं सरका. होडक्याच्या अगदी नाकावर जाऊन बसा, तोंड तिकडं करून. इकडं बघायचंच नाय.

कुशाबाई : माझं पोर हाय ते...

हर्षाली : म्हणूनच सांगते. तुमचा भार तिकडं ऱ्हायला तरच हे मागनं वर येतील. अहो, ऐकताय ना? कडेला धरू नका. पालथं होईल. मागच्या बाजूनं या.

गोरख : हात... सुटत नाय. टायरातनं.

हर्षाली : सुटत नाय का सोडवत नाय?

गोरख : कळंना झालंय बोटांना.

हर्षाली : मी धरलंय तुमचं मनगट. हे बघा, माझ्याकडं बघा. धरलंय. आता सोडा.

गोरख : तू बी पडशील.

हर्षाली : नाय पडत. पाय बाकाला अडकवलेत मी. सोडा.

गोरख : सोडला.

हर्षाली : आता दुसरा हात इथं, मागच्या फळीवर. छाती लावा. पाय झाडा पाण्यात.

गोरख : न्हाई जमत.

हर्षाली : जमेल. तुमचा पट्टा धरलाय मी. तीन म्हणलं की पाय झाडायचे. एक, दोन...

कुशाबाई : इठ्ठला, इठ्ठला...

हर्षाली : तीन! ओढा! अजून! अजून थोडं!

गोरख : आ...

हर्षाली : आले. आले आत. पडून ऱ्हा तसेच. हलू नका.

कुशाबाई : बघू का आता?

हर्षाली : बघा. पण बसूनच.

कुशाबाई : बर्फावानी झालाय गं ह्यो. पदर घे, पुस त्याला.

हर्षाली : पदरानं काय होतंय! मी लाँचवर चढते, पावण्यांची ब्लँकेटं आहेत आत. तुमी त्यांना धरून बसा. पाठ चोळा त्यांची.

कुशाबाई : जॅकेट कुटं रं तुझं? जॅकेट न घालता पाण्यात उतरलास?

गोरख : जॅकेट घातलं की... बुडी मारता येत न्हाई. पंख्यात दोर व्हता. जेवढा वर व्हता तेवढा कापला, तर होडकं सुटून गेलं. बाकीचा पंख्याला गुंडाळलेला. तो काढायला उतरलो.

हर्षाली : मग? निघाला दोर?

गोरख : निघाला. समदा निघाला. पंखा मोकळा हाय.

हर्षाली : मग वर का नाय आलात?

गोरख : येता येईना. लाँचची कड लई उंच. एरवी पाण्यात उतरायचं तर आपण होडकं खाली सोडतो, त्यात पाय ठेवून चढतो, ध्यानातच न्हाई आलं. दोन-चार डाव उडी मारली, हात निसटायचा. मग हातच चालंनात.

कुशाबाई : असा किती येळ व्हतास रं?

गोरख : काय माहीत. काठाकडं पोहत जावं वाटलं, पर वारं उलटं. म्हणलं टायर सोडला की संपलं.

हर्षाली : हे घ्या ब्लँकेट. ओला शर्ट काढा आधी. आत्या, द्या हात, तुमी वर या. हळू. अहो, आता तुमी. पाय इथं ठेवा... हं. बसा आता दोघं केबिनमध्ये.

गोरख : तू?

हर्षाली : होडकं वर घेते.

गोरख : आत्ता? अगं ऱ्हाऊ दे, जाऊ असंच. घर जवळ हाय.

हर्षाली : ह्याला परत मागं बांधायचं नाय. वारं अजून पडलेलं नाय. टपावर चढल्याशिवाय इंजिन चालू करणार नाय मी.

गोरख : मला उभं बी ऱ्हावत न्हाई, हर्षाली.

हर्षाली : तुम्हाला कोण म्हणतंय! आत्या, याल का?

कुशाबाई : मला काय येतंय त्यातलं?

हर्षाली : मी टपावर जाऊन ओढते. होडक्याचं नाक वर आलं की खालनं खांदा द्यायचा, एवढंच. पाटी उचलून डोक्यावर घेता ना, तसं.

कुशाबाई : पाट्या लई उचलल्या. ओढ तू.

गोरख : आये, जपून. पाय निसटंल.

कुशाबाई : तू गप बस. चहाच्या जागी पाणी पिऊन बसलाय धरणाचं, आन् मला शिकवतोय.

हर्षाली : आलं नाक वर. द्या खांदा!

कुशाबाई : दिला! लई जड हाय की गं हे!

हर्षाली : आतलं पाणी निथळतंय, म्हणून. अजून एकदा! हां, आलं. बसलं जागेवर. सोडा आता. बांधते मी.

कुशाबाई : चारी बाजूनं बांध.

हर्षाली : बांधतेय.

गोरख : हर्षाली, सकाळी मी जे बोललो...

हर्षाली : आत्ता नको.

गोरख : मला बोलू दे. पाण्यात व्हतो तवा दुसरं काही येत नव्हतं डोक्यात. ती माणसं हसली तवा मला लाज वाटली. तुझी न्हाई, माझीच. वाटलं, हे काय म्हणतील, ह्याला लाँच बी चालवता येत न्हाई. म्हणून हसलो.

हर्षाली : तुम्हाला चालवता येत नाय असं कोण म्हणतंय?

गोरख : तुझ्यासारखी न्हाई येत. ते त्यांना सांगायला काय झालं व्हतं मला!

हर्षाली : आणि मी तरी. राग आला तर भांडायचं होतं तिथंच. उतरून कशाला गेले! मला दिसत होतं वारं उठणार ते. तरी गेले. म्हटलं, होऊ दे ह्यांची फजिती.

गोरख : झाली की.

हर्षाली : हसू नका. अशी नव्हती म्हटली मी.

गोरख : परवा ती पावणं परत यायचीत. भीमाशंकर करून. पुन्हा टपावर बसायचं म्हणतील.

हर्षाली : मग काय सांगाल?

गोरख : सांगीन, टपावर होडकं असतंय. बसायचं तर खाली बसा, न्हाईतर पायी जा.

हर्षाली : एवढं तोडून नको बोलायला. मी सांगेन नीट.

कुशाबाई : तुमचं झालं का? चला घराला. आरोही वाट बघत असंल.

हर्षाली : नांगर घेते वर. आत्या, धरून बसा, इंजिन चालू करते.

गोरख : एक इचारू? होडकं मोकळं आलेलं बघितलंस, तवा काय वाटलं तुला? गेला ह्यो, असं वाटलं?

हर्षाली : मला वाटायला वेळच नव्हता.

कुशाबाई : मला व्हता रं. सरक जरा, मला जवळ बसू दे.