जेवण आधी की मुद्दा?

शोधनिबंध लिहायला शिकवण्यात लातुरात माझा हात कुणी धरू शकत नाही बघा! माझा पीएच.डी.चा विद्यार्थी गजानन चाकूरचा, गावोगावी सूत्रसंचालन करतो. त्याचा तुरीवरचा पेपर वाचून माझं डोकंच फिरलं. पानंच्या पानं आभार अन् प्रस्तावना, निष्कर्ष शेवटच्या ओळीत.

"गजानन, हा पेपर हाय का सत्कार समारंभ?"

"मॅडम, जेवण आधी जाहीर केलं की माणसं थांबत न्हाईत. तसंच मुद्द्याचं."

"पेपरात उलटं असतंय. काय सापडलं ते सुरुवातीच्या सारांशातच सांगून टाक."

त्यानं ऐकलं, पेपर छापून आला. खुशीत मला चाकूरच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणी म्हणून नेलं. माईक हातात घेऊन पहिलंच वाक्य बोलला, "मंडळी, जेवण तयार हाय!"

माझं अख्खं भाषण गजाननानं एकट्यानं ऐकलं.