दादाचा डबल बास

दादा मंगळवारी सकाळी गेला. चहा घेतला, पेपर मागितला आणि गेला.

आमचं मूळ गाव परतूरकडचं, पण वाढलो बदनापूरला. मी शाळेत शिकवत राहिले, दादा लष्कराच्या बँडमध्ये गेला, तिथून मुंबईच्या वाद्यवृंदात, आणि निवृत्त होऊन आला तो हा जुना जर्मन डबल बास घेऊनच. काय सांगू तुम्हाला, व्हायोलिनसारखाच, पण माणसापेक्षा उंच. टेम्पोतून उतरवताना शेजारीण म्हणाली, बाई, भावानं कपाट आणलं का? मोडका घेतला होता त्यानं. आमच्या स्वयंपाकघरात सरस तापवून भेगा जोडायचा, त्या वासानं मला जेवण जायचं नाही. म्हणायचा, सुमन, माझ्यामागं ह्याला माझ्या फोटोशेजारी ठेवू नको, वाद्यवृंदात दे.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला भीमराव आले, दादाचे बालमित्र, गायन पार्टीतले ढोलकीवाले. ढोलकी वाजवून झाली की दोरी ढिली करायची, कातड्याला आराम द्यायचा, ही त्यांची जन्माची सवय. भरल्या डोळ्यांनी त्यांनी बासच्या पितळी चाव्या फिरवून चारही तारा सोडल्या. म्हणाले, दोस्त गेला, आता ह्यालाबी आराम. तेवढ्यात आत काहीतरी पडलं. हलवलं की गडगडायचं. दादाचं एवढं एकच मागणं, तेही गेलं असं मला वाटलं.

मी आधीच कळवलं होतं, म्हणून त्यानंतरच्या रविवारी पुण्याच्या वाद्यवृंदातली अनघा बास बघायला आली. भीमराव दारातच म्हणाले, ताई, मीच मारला त्याला. तिनं बास कलता केला, ऐकलं आणि हसली. काका, आतली दांडी पडलीय फक्त, ती चिकटवलेली नसतेच, तारांच्या ताणावर उभी असते. मग बासच्या पोटाच्या फटीतून वाकडी सळई घालून ती दांडी उभी करू लागली, भीमराव टॉर्च धरून. काका, हात हलवू नका. ते म्हणाले, जन्मभर ठेक्यात न्हाई हलला ताई, आजच हलून राह्यला.

तारा चढवून तिनं गज ओढला, तर मांडणीवरची भांडी थरथरली. आणि तेव्हाच, बघा, मला तो द्यावासा वाटेना. मुका होता तोवर देणं सोपं होतं. नेऊ ना मावशी, तिनं विचारलं. मी तिला आणखी थोडं वाजवायला लावलं, मग म्हटलं, ने.

बास आता पुण्यात वाजतो, पोरीचं भलं होवो. इथं दादाची खोली रिकामी आहे. दुपारी मी तिथं वाचत बसते.