भेंडीचं फूल

ठसेकामाला बटाटाच हवा, असं ज्याने कुणी अभ्यासक्रमात लिहिलंय, तो भाईंदरमध्ये एक दिवसही राहिलेला नाही! परवा माझ्या तिसरीच्या वर्गात ध्रुवी रडवेली होऊन उभी राहिली.

“टीचर, आमच्या घरी बटाटा नाही चालत, जैन आहोत ना. मग माझे मार्क गेले?”

मी शिपाई मावशींना तडक भाजीवाल्याकडे पिटाळलं. त्यांनी आणलेली भेंडी आडवी कापली, लाल रंगात बुडवली आणि ध्रुवीने ती कागदावर दाबली. अरे, काय फूल उमटलं म्हणून सांगू! कोरायची भानगडच नाही!

दोन मिनिटांत अख्खा वर्ग बटाटे सोडून तिच्या बाकाभोवती. “ए ध्रुवी, मला एक दे ना यार!”

दारातून मावशी म्हणाल्या, “आता मार्क जाणार ते बटाटेवाल्यांचे.”